मॅडमची पोरड्युटी

आमच्या मॅडम अंगणवाडीत येणार म्हटलं की मी आधी खुर्ची लपवायची. खुर्ची दिसली तर त्या तिच्यावर स्वतःची पर्स ठेवत, पर्सवर हेल्मेट ठेवत आणि म्हणत, "हां. साहेब बठनात. आते आपण खाले बठूत." आणि मग पंचावन्न वर्षांच्या, माझ्याहून वीतभर उंच, साडीखाली पांढरे स्पोर्टचे बूट घालणाऱ्या त्या बाई बूट काढून सतरंजीवर मुलांच्या ओळीत मांडी घालून बसत. बसताना दोन्ही गुडघे कडाकड वाजत. मुलं खदाखदा हसत. "हसा, हसा. तुमचे बी वाजतील एक दिवस," मॅडम म्हणत. उठायची वेळ आली की एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं मदतनीस, आणि मधून मॅडम ओरडत, "अरे, जेसीबी बोलवा कोणीतरी!"

मॅडम म्हणजे आमच्या पर्यवेक्षिका. गावातल्या सरकारी अंगणवाड्या फिरायच्या, त्यांची एकमेकींशी तुलना करायची, कुठली बरी आणि कुठली रडतखडत चाललीय ते वर कळवायचं, हे त्यांचं काम. मी त्यातल्याच एका अंगणवाडीची सेविका. सेविका म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या पोरांना गाणी शिकवा, वजन करा, खिचडी वाढा, नाक पुसा आणि हे सगळं केल्याचं मोबाइलमध्ये भरा. या सगळ्यात पोरांपेक्षा मोबाइल जास्त रडतो. पण ते जाऊ द्या, मी मॅडमचं सांगतेय.

खुर्चीचा एवढा राग का, ते मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "खुर्चीवरून पोराचं टाळकं दिसतं वं, तोंड दिसत नाही."

त्यांना पोरांची नावं एकदा ऐकली की कायमची पाठ व्हायची. वर्षभरानं बाजारात दिसलं तरी हाक मारायच्या, कान दुखत होता तो थांबला का म्हणून विचारायच्या. मोठ्या माणसांची नावं मात्र डोक्यात राहतील तर शप्पथ. आम्हा सेविकांना त्या आमच्या अंगणवाडीवरून ओळखायच्या. जिच्या दारात चिंच होती ती चिंच. पिठाच्या गिरणीमागं एका खोलीत जिची अंगणवाडी भरायची ती गिरणी. आणि माझ्या भिंतीवर छत्री धरलेला मोठा निळा हत्ती रंगवलेला होता, म्हणून मी हत्ती. भर बाजारात, माझे सासरे शेजारी उभे असताना, "ए हत्ती, उद्या रजिस्टर घेऊन ये," अशी हाक आलेली आहे. सासऱ्यांनी आठवडाभर माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघितलं.

तुलनेसाठी वरून एक फॉर्म यायचा. इमारतीला इतके गुण, स्वच्छतेला इतके, भिंतीवरच्या तक्त्यांना इतके. मॅडमनी एका वर्षी सगळ्या अंगणवाड्यांना एकसारखे पासष्ट गुण देऊन फॉर्म पाठवले. कार्यालयातून फोन आला तेव्हा त्या माझ्याच दारात बसून खिचडी खात होत्या. फोनवर मॅडमची भाषा एकदम पुस्तकी व्हायची. "नाही साहेब, चूक झालेली नाही. शंभरापैकी पस्तीस गुण मी माझे स्वतःचे कापले आहेत. मी नीट पाहिलं नाही, त्याचे." पलीकडचा माणूस बराच वेळ काही बोलला नसावा, कारण मॅडमनी तेवढ्यात पापड संपवला. मग फोन ठेवून मला म्हणाल्या, "अडाणी शे बिचारा. नुसते तक्तेच मोजी ऱ्हायना."

गुणांवर विश्वास नाही, पण चपलांवर होता. अंगणवाडीच्या बाहेर पोरांच्या चपला कशा पडल्यात ते त्या आधी बघायच्या. ओळीत लावलेल्या दिसल्या की त्यांची भुवई वर. "एवढ्या सरळ चपला म्हणजे कोणीतरी साहेब येणार हे तुला कळलेलं शे." एक इकडे, एक नालीच्या काठावर, एकीच्या पट्ट्यात दुसरी अडकलेली, असं असलं की खूश. पर्समध्ये गूळ-शेंगदाण्याची पुडी असायची. पोरांना त्यातलं काही मिळायचं नाही. आमचं काही आवडलं तर एक शेंगदाणा आमच्या तळहातावर ठेवायच्या. एकच. चाळिशीतल्या बायका आम्ही, पण त्या एका शेंगदाण्यासाठी आमच्यात भांडणं झालेली आहेत, खोटं कशाला सांगू.

पोरड्युटी निघाली ती एका मासिक सभेत. आम्ही नेहमीप्रमाणे एकमेकींवर घसरलो होतो. तिला दोन खोल्या, मला एक. तिचा वजनकाटा नवीन, माझा लाकडाच्या वखारीतला असल्यासारखा. तिची पोरं गोरीगोमटी, माझी येतात शेंबडी. मॅडमनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही एकमेकींच्या अंगणवाडीत कधी गेल्यात?"

चिंच म्हणाली, "गेले ना. हिच्या आंडेरना, मोठ्या पोरीच्या, लगीननी पत्रिका आणायला गेले होते."

"तिथं जेवलीस?"

"अंगणवाडीत? मी कशाला जेवू?"

"मग तुला काय घंटा समजलं? तुलना करायची तर जेवून करायची. बघून काय समजतं?"

आणि पुढच्या महिन्यापासून सुरू झालं. दर महिन्याला एकीनं आपली अंगणवाडी मदतनिसीवर सोपवायची आणि दुसरीच्या अंगणवाडीत दिवसभर पोर म्हणून जाऊन बसायचं. मोबाइल मॅडमच्या पर्समध्ये. घरची पाण्याची बाटली नाही, डबा नाही. सतरंजीवर बसायचं, गाणी म्हणायची, लागली तर बोट वर करून विचारायचं. सुटेपर्यंत उठायचं नाही. आणि सभेत सगळ्यांसमोर मॅडम तीनच प्रश्न विचारणार. तुझं नाव किती वेळा घेतलं? लघवीला कुठं गेलीस? आणि घरी जावंसं कधी वाटलं?

आम्ही आपसात खूप शिव्या घातल्या. माझ्या नवऱ्यानं विचारलं, "तुमनी मॅडम बरी शे ना?" पण केलं सगळ्यांनी. पहिल्या पोरड्युटीला चिंचच गेली. ती आमच्यात अंगानं सगळ्यात भरलेली. खिचडी खाऊन दुपारी तिथंच सतरंजीवर आडवी झाली आणि घोरायला लागली. एका पोरीनं स्वतःचा फ्रॉकवरचा स्वेटर काढून तिच्या पोटावर घातला आणि बाकीच्यांना दम भरला, "गप बठा, ती नवी शे." हे चिंचनं सभेत स्वतः सांगितलं आणि सांगता सांगता हुंदका आला तिला. आम्हाला हसावं की काय करावं कळेना. मॅडमनी तिच्या हातावर शेंगदाणा ठेवला.

आता मूळ गोष्टीवर येते. इथं माझी इज्जत जाते, पण मॅडमचं सांगायचं तर ते सांगावंच लागेल.

त्या हिवाळ्यात वरून पत्र आलं. आमच्या वॉर्डात दोन अंगणवाड्या फार जवळजवळ आहेत, एक ठेवा, एक बंद करा, पोरं एकत्र करा. दोघींची तुलना करून पर्यवेक्षिकेनं अहवाल पाठवायचा. त्या दोन म्हणजे माझी आणि गिरणीची.

मी पत्र वाचलं आणि चहा टाकला. मला काळजी नव्हतीच. माझी अंगणवाडी कॉलनीत, पक्की इमारत, फरशी, पाण्याचा फिल्टर, हत्ती. पटावर सव्वीस पोरं. पाहुणे आले, साहेब आले, की आधी माझ्याकडे आणायचे. गिरणीची अंगणवाडी म्हणजे मोठ्या रस्त्यापलीकडे गिरणीच्या मागं भाड्याची एक अंधारी खोली. तिथली पोरं मजुरांची. अक्कलकुवा-धडगावकडून डोंगरातून उतरून आलेली माणसं, कापूस वेचणारी, ऊस तोडणारी, बांधकामावर जाणारी. ती अंगणवाडी बंद झाली असती तर त्या पोरांना माझ्याकडे यायला तो रस्ता ओलांडावा लागला असता. लोणखेड्याकडून उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर त्या रस्त्यानं दिवसभर धावतात. चार वर्षांचं पोर एकटं येणार कसं? आई पहाटेच कामावर गेलेली. म्हणजे पोरं आलीच नसती. हे मला कळत होतं. कळत होतं, आणि तरी मी चहा टाकला. अशी मी.

आणखी एक गोष्ट मला कळत होती, ती मी कोणालाच सांगितली नव्हती. माझ्या पटावरच्या सव्वीसांपैकी येत होती नऊ. बाकीची कॉलनीतली पोरं सकाळी टाय लावून, व्हॅनमध्ये बसून प्रायव्हेट नर्सरीत जात. नाव माझ्याकडे, पोर तिकडे. कागदावर सगळं जुळत होतं आणि फोटोचं एक तंत्र मला जमलं होतं. जवळून काढायचा. जवळून काढला की नऊ पोरंसुद्धा गच्च दिसतात.

एका सोमवारी संध्याकाळी मॅडमचा फोन. "हत्ती, उद्या मी तुझ्याकडे पोर."

मी लाटणं टाकलं. तशीच चप्पल घालून कॉलनीत घरोघर फिरले. "ताई, एका दिवसाचा प्रश्न आहे हो. उद्या नर्सरीला सुट्टी द्या, माझ्याकडे पाठवा." आया चांगल्या होत्या बिचाऱ्या. मी राजगिऱ्याचे लाडू कबूल केले. सकाळी तेवीस पोरं आली आणि त्यातली निम्मी सवयीनं युनिफॉर्म घालून आली! दारातच मी एकेकाचा टाय काढला आणि खेळण्यांच्या पेटीत कोंबला. चपला विस्कटून टाकल्या. बूट होते खरं तर, काळे, पॉलिश केलेले. तेसुद्धा लाथ मारून विस्कटले.

मॅडम आल्या, मोबाइल बंद केला, ओळीत बसल्या. मी प्रार्थना सुरू केली. दुसऱ्या ओळीलाच एक गोंडस मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "टीचर, मे आय गो टू टॉयलेट?"

एवढं स्वच्छ इंग्रजी माझ्या अंगणवाडीत आजवर कोणी बोललं नव्हतं, मी धरून. मी म्हटलं, "जा बाळा." मग खेळायच्या वेळी त्यांनी पेटी उघडली. हात घातला आणि एक टाय बाहेर आला. त्याच्या मागं दुसरा. त्याला गुंतलेला तिसरा. मॅडम ओढतच राहिल्या, टाय निघतच राहिले, पोरं टाळ्या वाजवत होती. "वा," मॅडम म्हणाल्या, "सरकारनं हे खेळणं कधी पाठवलं?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पण त्या रागावल्या नाहीत. बसून राहिल्या. खिचडी खाल्ली, हात धुतले, माकडाचं गाणं म्हटलं, उड्यासुद्धा बसल्या बसल्या मारल्या. सुटल्यावर, पोरं गेल्यावर, मी आणि मदतनिसीनं त्यांना उठवलं. बुटाची लेस बांधता बांधता त्यांनी आपले आपणच तीन प्रश्न घेतले.

"लघवीची सोय चांगली आहे. कडी आहे, पाणी आहे, उजेड आहे. घरी जावंसं वाटलं, तू फोटो काढत होतीस तेव्हा. आणि नाव एकदाही नाही."

"मॅडम, तुमचं नाव मी कसं घेणार?"

"माझंच नाही. कोणाचंच नाही. तेवीस पोरं आणि सगळी बाळा. बाळा इकडे ये, बाळा तिकडे बस. तुला त्यांची नावं माहीतच नाहीत वं." आणि हेल्मेट घालून म्हणाल्या, "हे मी सभेत बोलणार नाही. तू उद्या गिरणीकडे पोर म्हणून जा. सभेत तू बोलायचं."

रात्रभर मनाशी घोकलं, काय काय वाईट बघायचं ते. आवाज, अंधार, पीठ, संडास. सकाळी रस्ता ओलांडताना एक ट्रॅक्टर असा अंगावरून गेला की साडीचा पदर उसाच्या पाचटात अडकता अडकता राहिला. मी शेहेचाळीस वर्षांची बाई, मलाच धडकी भरली.

गिरणी, म्हणजे तिथली सेविका, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. विसरवाडीकडची, इथं दिलेली. कधी साडीला इस्त्री नाही, केसांना तेल नाही, सभेत बोलायची नाही. मी तिला आजवर कधी मोजलंच नव्हतं. तिची मदतनीस एक म्हातारी भिल्ल बाई, पोरं तिला 'याहा' म्हणत. त्यांच्या बोलीत याहा म्हणजे आई. ही अंगणवाडी बंद झाली असती तर म्हातारीला या वयात दुसरीकडे कोणी घेतलं नसतं.

मी जाऊन सतरंजीवर बसले. आणि गिरणी सुरू झाली. बापरे! भिंत थरथरते, पीठ उडतंय, कानाला दडे बसतात. मी मनात म्हटलं, हां, हे सभेत सांगायचं. पण ती बाई काय करत होती बघा. गिरणी चालू झाली की गाणी. जोरात, बेंबीच्या देठापासून, गिरणीच्या ठेक्यावर टाळ्या. गिरणी थांबली की लगेच खाली बसून हळू आवाजात गोष्ट. पोरांना हे इतकं सवयीचं होतं की पट्टा थांबायच्या आधीच ती सरकून सरकून तिच्याजवळ गोळा व्हायची. कोणाशी अहिराणी, कोणाशी भिली, गाण्यापुरती मराठी. हजेरी घेताना जे पोर आलं नाही त्याचाही पत्ता तिला ठाऊक. हा तापानं पडलाय, ही आईबरोबर कापूस वेचायला गेलीय, जेवायला येईल, तिची खिचडी झाकून ठेवा.

तासाभरात माझा पाय बधिर झाला. शेजारच्या शेंबड्या पोरीनं माझ्या पोटरीला करकचून चिमटा काढला. मी ओरडले. ती म्हणाली, "मुंग्या काढस." आणि खरंच, थोड्या वेळानं बरं वाटलं.

आणि नाव. माझं नाव तिनं हजेरीत शेवटी घेतलं. नुसतं नाव. पुढं ताई नाही, मागं बाई नाही. मी हजर म्हणायचं विसरून गेले. घरी मी मम्मी, वहिनी, सासूबाईंना पोऱ्यानी माय, कार्यालयात सेविका, मॅडमला हत्ती. आई गेल्याला आठ वर्षं झाली, त्यानंतर असं नुसतं नाव कोणी घेतलंच नव्हतं, आणि घेतलं नव्हतं हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. जेवायच्या आधी याहा तांब्या घेऊन प्रत्येकाचे हात धूत होती, प्रत्येकाचं नाव घेत. माझ्याजवळ आली, माझं नाव घेतलं आणि म्हणाली, "हात दाखव." मी दाखवले. दोन्ही. तिनं नखं बघितली, पाणी घातलं. मला इतकं भरून आलं की काय सांगू. डोळ्यांत पीठ गेलं असं मी सांगितलं. गिरणी तेव्हा बंद होती.

सभा शनिवारी झाली. सगळ्या जणी आलेल्या. गिरणी कोपऱ्यात पायाच्या बोटाकडे बघत बसलेली. तिला सगळं ठाऊक होतं, माझ्या बोलण्यावर तिची खोली आणि याहा टांगलेली आहे. मॅडमनी मला उभं केलं.

"नाव किती वेळा?"

"अकरा."

"मोजलंस?"

"मोजलं."

"लघवीला?"

"पडद्यामागं," मी म्हटलं. "वाईट सोय आहे. दार पाहिजे, पाणी पाहिजे." गिरणीनं मान आणखी खाली घातली, पण हेसुद्धा खरं होतं.

"आणि घरी जावंसं कधी वाटलं?"

आता बघा, उत्तर तयार होतं माझ्याकडे. गिरणी सुरू झाली तेव्हा, एवढं म्हटलं असतं की पुरे. थोडंफार खरंही होतं ते. माझी इमारत राहिली असती, हत्ती राहिला असता, फिल्टर राहिला असता. तोंड उघडलं आणि काय झालं कुणास ठाऊक, म्हटलं, "नई वाटनं."

आणि मग माझं तोंड थांबेचना. "मन्हा पटवर सव्वीस शेतस, पण येतस नऊ. त्या दिनले बाकीना लाडू देईसन आणेल व्हतात. मले त्यासनं नावबी माहीत नई."

"माय वं!" चिंच एवढंच म्हणाली. कोणीतरी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला. मॅडमनी वहीत मान घातली आणि पुढच्या विषयाला, जंताच्या गोळ्यांना, हात घातला. शेंगदाणा काही मिळाला नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. माझी अंगणवाडी बंद. फिल्टर, काटा, खेळणी गिरणीकडे, आणि तिच्या खोलीला दार असलेला संडास बांधून द्यायचा. माझ्या नऊ पोरांतली चार बापाच्या मोटारसायकलवर बसून तिकडे जायला लागली, पाच व्हॅनमध्ये बसली. आणि माझी नेमणूक गावाच्या पार टोकाला, लोणखेड्याच्या बाजूला, वर्षभर सेविका नसल्यानं कुलूप लागलेल्या एका अंगणवाडीवर. घरापासून चार किलोमीटर. भिंतीला रंग नाही, छपराला पत्रा.

माझं डोकंच फिरलं. रविवारपर्यंत कशीबशी थांबले. मॅडम सुट्टीला त्यांच्या ब्राह्मणपुरीच्या शेतात असतात हे ठाऊक होतं. बस पकडून थेट तिथं. त्या पपईच्या ढिगाजवळ जमिनीवर बसून एकेक पपई वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मी उभ्यानंच सुरू केलं. "खरं बोलले, त्याची ही शिक्षा? खोटं बोलले असते तर आज माझ्या इमारतीत असते!"

"नसतीस," मॅडम म्हणाल्या. "बस. पपई गुंडाळ."

"का नसते?"

"अहवाल मी सभेच्या आदल्या दिवशीच पाठवला होता. तुझी बंद, तिची चालू. त्यात विचार करण्यासारखं काय होतं?"

मी बसले. "मग मला सगळ्यांसमोर कशाला उभं केलंत?"

त्यांनी हातातली पपई पूर्ण गुंडाळली, टोक दुमडलं, पेटीत ठेवली. "अंगणवाड्यांची तुलना झाली होती वं. ती कुलूपवाली उरली होती. वर्षभर तिथली पोरं दारापर्यंत येतात, कुलूप बघतात, परत जातात. मी बघून आले. तिथं कोणाला पाठवू ते मला ठरत नव्हतं. तू जर म्हणाली असतीस ना, गिरणीच्या आवाजानं घरी जावंसं वाटलं, तर तुला मी कार्यालयात फायली लावायला बसवणार होते. पंख्याखाली, आरामात."

त्या दिवशी तिन्हीसांजेपर्यंत मी पपया गुंडाळल्या. निघताना पिशवीभर पपई दिली त्यांनी, आणि कधी नव्हे ते पाठीवर हात ठेवला.

मॅडम आता निवृत्त झाल्या. गावातल्या अंगणवाड्यांना आता गुणच मिळतात, कोणाला ब्याण्णव, कोणाला अठ्ठ्याहत्तर. पोरड्युटी बंद पडली. पण आम्ही काही जणी अजून गुपचूप एकमेकींकडे जाऊन बसतो, विशेषतः खिचडीच्या वेळेला.

पपया गुंडाळल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मॅडमनीच मला स्कूटीवर बसवून नव्या जागी सोडलं. कुलूप त्यांनीच उघडलं. आत धूळ, कोपऱ्यात कोळ्याची जाळी, एक फाटकी सतरंजी. मी झाडून घेतलं. मॅडम आत आल्या नाहीत, समोर रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसल्या. म्हणाल्या, "मी आत आले तर पोरं माझ्याकडे बघतील."

दार उघडं आहे ही बातमी वस्तीत कशी पसरली कोण जाणे. अर्ध्या तासात दारात पोरांची गर्दी. आत कोणी येईना. वर्षभर परत गेलेली पोरं ती, त्यांचा विश्वास कसा बसावा? मी मोबाइल पिशवीत तळाशी टाकला आणि उंबऱ्याजवळ खाली बसले. सगळ्यात पुढं एक पोरगी होती, विस्कटलेल्या दोन वेण्या, कडेवर भाऊ, तो तिच्याच्यानं पेलवत नव्हता.

"तुन्हं नाव काय वं?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. वरून खाली, खालून वर. भावाला सावरलं आणि म्हणाली, "पहिले तुन्हं सांग."

मी सांगितलं.